मोरीपाशची पिशवी

आमच्या गोठ्यात आता गुरं नाहीत, अळंबी आहे. ऐकणारा हसतो. हसू दे बापडा. गाई विकल्या त्याला बरीच वर्षं झाली. खाचरं गेली, वैरण संपली, मग गाईंनी काय खायचं, समोरच्या टॉवरचं पार्किंग? वडिलांचं म्हणणं होतं की गोठा पाडून तिथं दोन खोल्या काढाव्यात, हिंजवडीला कामाला जाणारी पोरं नेऱ्याकडं अशा खोल्या शोधतच फिरत असतात. आई आडवी आली. "समदं दिलं, एवढा तरी ऱ्हाऊ द्या. माज्या हाताला काय तरी काम नगं का?" म्हणाली. वडील तिच्या तोंडाला फारसे लागत नाहीत, त्यामुळे गोठा राहिला.

मी बाळंतपणाला माहेरी आले त्याच वर्षी तिनं अळंबीचा हा उद्योग काढला. माझी खोली आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे मी आणि माझी मुलगी, पलीकडे पेंढा भरून दोरीला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. दोन्हीकडे अंधार, आणि दोन्हीकडची कारभारीण एकच. माझं काय पणाला लागलं होतं तेही आधीच सांगून टाकते, आडपडदा कशाला: माझी मुलगी मला माझी वाटत नव्हती.

तिचं सगळं मी करत होते. पाजत होते, दुपटी बदलत होते, ढेकर काढत होते. ऑफिसातलं काम जसं वेळेत उरकतो तसं. ती रडली की पान्हा यायचा, माया यायची नाही. कुशीत घेतली की अंगावर एक ओझं आल्यासारखं व्हायचं आणि ती झोपली की मी भिंतीकडे तोंड करायची. भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच विचारायची, "काय गं, लेकराचं तोंड बघून समदं दुखणं पळालं असंल न्हाई?" मी "हो" म्हणायची. दुसरं काय म्हणणार? पहिल्याच मुलीबद्दल असं बोलणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं. नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा आणि "आज काय केलं गं तिनं?" असं विचारायचा. माझ्याकडे सांगायला काही नसायचं. मग मी आईकडे फोन द्यायची.

अळंबीचं असं झालं. पौडला, तहसील कचेरीच्या अलीकडे एका हॉलमध्ये, बायकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिल्या दिवशी आई सकाळच्या एसटीनं गेली आणि संध्याकाळी नव्या शाळेत नाव घातलेल्या मुलीसारखी हरखून परत आली. भाताचा पेंढा गरम पाण्यात कसा भिजवायचा, निथळून पिशवीत त्याचे थर कसे द्यायचे, मधेमधे बियाणं कसं पेरायचं, तोंड कसं बांधायचं, सगळं तिनं मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या करून दाखवलं. "आन् मंग अंधारात ठेवायच्या. उजेडाचा ठिपूस नगं. बाईंनी लई बजावून सांगितलंया." गव्हाच्या दाण्यांवर पांढरी बुरशी धरलेलं ते बियाणं तिनं माठाशेजारी गार जागेत जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला कळा सुरू झाल्या. आईनं पौडला जायला नेसलेली साडी तशीच ठेवून माझ्याबरोबर दवाखाना गाठला. मुलगी झाली, सगळं सुखरूप झालं, पेढे वाटून झाले. पण आईचं प्रशिक्षण झालं ते अर्धंच.

उरलेलं अर्धं तिनं स्वतःच्या अनुभवातून भरून काढलं. आता माझ्या आईचा अनुभव कशाचा? आयुष्यभर भातशेतीचा, गाईंचा, आणि भावकीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या बाळंतपणांचा. पिशव्या अंधारात ठेवायच्या, उबेत ठेवायच्या, बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचं नाही, हे ऐकल्याबरोबर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरेच्चा, ही तर बाळंतिणीची खोली!

मग काय विचारता. आमच्या दोन्ही खोल्यांना एकच कायदा लागू झाला. माझ्या खिडकीला गोधडी, गोठ्याच्या खिडकीला गोणपाट. माझ्या दाराला पडदा, गोठ्याच्या दाराला ताडपत्री. माझ्या कानाला फडकं आणि पिशव्यांच्या डोक्यावर जुन्या लुगड्याची झालर. पाय धुतल्याशिवाय इकडेही यायचं नाही आणि तिकडेही नाही. शेजारची मावशी गोठ्यात डोकवायला गेली तर आईनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "व्हायच्या आधी कुणी बघायचं न्हाई." काय व्हायच्या आधी? "आगं, अळंबी व्हायच्या आधी!" एकदा तर माझी धुरी झाल्यावर तीच शेगडी, ओवा आणि वावडिंगासकट, ती भिंतीपलीकडे घेऊन गेली. थोड्या वेळानं खोकत बाहेर आली आणि ते मात्र पुन्हा केलं नाही.

मी पडल्या पडल्या हे सगळं ऐकायची. मोबाईल बघायचा नाही, डोळे जातात. पुस्तक वाचायचं नाही, डोळे जातात. आमच्याकडे बाळंतिणीचे डोळे जायला कायम टपलेले असतात. दार बंद, खिडकी बंद, कोपऱ्यात शून्याचा लाल बल्ब, बाजेखाली शेगडी. दिवस आहे की संध्याकाळ हे मी भिंतीपलीकडच्या आईच्या पावलांवरून ओळखायची. मुलीचा चेहरा मला त्या लाल अंधारात कधी धड दिसलाच नाही. मला ती वजनावरून, वासावरून आणि रडण्यावरून माहीत होती.

आणि खरं सांगू? सुरुवातीला मला तो अंधार हवासाच होता. अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं, कुणाचं तोंड बघू नये असं वाटत होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं, तूप-मेतकुट-भात, हळिवाची खीर, डिंकाचा लाडू वेळच्या वेळी हातात येत होता. आज कुणी बाळंतिणीच्या खोलीला उठसूट नावं ठेवायला लागलं की मला राग येतो. फाटलेलं अंग सांधायला कुठं तरी आडोसा लागतोच की.

पलीकडेही तसंच चाललं होतं. आईनं टांगलेल्या पिशव्या हळूहळू पांढऱ्या होत होत्या. ती रोज येऊन बातमी द्यायची. "आज खालच्या अंगाला धरलंया." "आज पार गळ्यापतूर आलंया." एके दिवशी ती माझ्या बाजेवर बसली आणि म्हणाली, "समद्या पिशव्या पांढऱ्याफेक झाल्या बघ. पेंढा दिसंना झालाय." तिचा आवाज इतका खुशीत होता की मलाही बरं वाटलं. आईला असं खुशीत मी खाचरं गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

मग पिशव्यांतून अळंबी बाहेर यायला लागली, आणि सगळं बिनसलं.

टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले, त्यांचे लांबलचक देठ झाले, आणि टोपी म्हणून जी काय उघडायला हवी ती उघडलीच नाही. कांद्याच्या टोपलीत तळाशी राहिलेल्या बटाट्याला जसे फिकट, लुळे कोंब येतात, तशी ती सगळी अळंबी. आईनं एक गड्डा मला आणून दाखवला. लाल अंधारात मी तो चाचपला. नुसते देठच देठ, टोकाला मुगाएवढ्या गाठी.

"वारं लागलं," आईनं निदान केलं. "न्हाई तर कुणाची तरी नजर लागली. ती मावशी त्या दिशी लई वाकून बघत व्हती."

मग उपाय तोच. गोठ्याच्या खिडकीवर आणखी एक गोणपाट, दाराच्या फटीत चिंध्या. पुढचा कोंब आणखी लांब आणि आणखी लुळा आला. आईनं आणखी एक फट बुजवली. आणि त्याच दिवसांत, मी जेवत नाही, बोलत नाही, बाळाकडे बघत नाही म्हणून तिनं माझ्या खिडकीवरही दुसरी गोधडी चढवली. "तुला बी वारंच लागलंया," म्हणाली. मला तेव्हा भांडायचाही कंटाळा आला होता, आणि ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे त्यांना कळेल की ही गोष्ट किती गंभीर होती.

आरोग्य केंद्राच्या आशाताई बाळाचं वजन करायला यायच्या. त्यांनी एकदा माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि आईला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. "डाक्टरला दाखवा म्हणतीया," आई आत येऊन म्हणाली. "सव्वा महिना झाल्याबिगर मी हिला उंबरा ओलांडू देणार न्हाई." तिचा आवाज करारी होता, पण ती माझ्या पायाशी बसून उगाचच चादर सारखी करत राहिली. आई घाबरली होती. मला ते कळत होतं, आणि त्याचंही मला काही वाटत नव्हतं.

मग ती मोरीपाशची पिशवी आली.

आमच्या गोठ्याला कोपऱ्यात मोरी आहे, गोमूत्र वाहून जायला ठेवलेली. तिचं भोक जमिनीलगत, वीतभर. ते बुजवायचं आईच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण गोठ्यात चाळीस वर्षं वावरलेल्या माणसाला मोरीचं भोक भोक वाटत नाही. एका सकाळी ती दोन गड्डे घेऊन माझ्याकडे आली आणि दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले.

"बघ बया. एकाच पेंढ्याची, एकाच बियाची. एक आसं, आन् एक हे आसं."

मी चाचपलं. पहिला नेहमीचाच, देठांचा झुबका. दुसऱ्याला हात लावला आणि दचकलेच. तळहाताएवढ्या गार, मऊ, पसरट पाकळ्या, एकीवर एक. मी उशीखालचा मोबाईल काढला आणि बॅटरी लावली. आईनं "आगं डोळं!" म्हणून कपाळाला हात लावला, पण तीही वाकून बघायला लागली. सुरेख करड्या रंगाची धिंगरी अळंबी होती ती, शिंपल्याच्या आकाराची. आणि सगळ्याच्या सगळ्या टोप्या एकाच अंगाला झुकलेल्या होत्या.

"ही पिशवी कुठं टांगली होतीस?"

"त्या मोरीपाशी, खालच्या दोरीला. जागा नव्हती म्हून."

"आणि ह्या वाकल्यात ते कुणीकडं? भोकाकडं?"

आईनं आठवून बघितलं. "व्हय की गं."

किती तरी दिवसांनी मला काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं होतं. भूक नाही, माया नाही, झोप नाही, पण कुतूहल तेवढं परत आलं. आलं ते आलं, एकदम घाईनं आलं. मी आईच्या देखत मोबाईलवर वाचायला लागले आणि आईनं, आश्चर्यच म्हणायचं, अडवलं नाही.

वाचलं ते असं. अळंबी उजेड खात नाही. झाडं उजेडावर अन्न करतात, तसं तिचं नाही, तिचं अन्न पेंढ्यात. पेंढ्यात पसरायचं काम ती अंधारातच करते, तिथं उजेडाचं तिच्याकडे काही काम नसतं. पण एकदा पिशवी पांढरी झाली की तिला उजेड लागतो, तो निरोप म्हणून: आता तू बाहेर आलीस, टोपी उघड. त्यातही निळसर उजेडाची तिला जास्त जाण. निरोप आला नाही तर ती देठच लांबवत बसते, उजेड कुठं सापडतो का ते शोधत. कोंडलेल्या हवेतही तसंच होतं, कारण तीही श्वास सोडते आणि तो बाहेर जायला हवा. धिंगरीची एक गुलाबी जात आहे, तिचा तर रंगसुद्धा उजेडावर अवलंबून. अंधारात ती फिकी पडते. मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. वाचताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला, इतक्या दिवसांत मी एवढं बोललेच नव्हते.

"छ्या," आई म्हणाली. "बाईंनी चांगलं अंधारात ठेवा म्हून सांगितलंया."

"मग बाईंना फोन लाव."

तिनं इतके दिवस फोन केला नव्हता. का, तर अर्धं शिकून पळालेल्या बाईनं कुठल्या तोंडानं विचारायचं. मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून बाई जवळजवळ ओरडल्याच. "अहो ताई, दुसऱ्या दिवशी आम्ही तेच तर शिकवलं! पांढऱ्या झाल्या की खिडक्या उघडायच्या, वारा खेळू द्यायचा, पेपर वाचता येईल इतका उजेड द्यायचा. ऊन थेट नको, बाकी उजेड पाहिजेच. तुम्ही अजून कोंडून ठेवल्यात?"

"व्हय," आई अगदी बारीक आवाजात म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. मग उठली. भिंतीपलीकडे मला गोणपाटं ओढल्याचे, चिंध्या उपसल्याचे, ताडपत्री खाली पडल्याचे आवाज आले, आणि मधेमधे आईचं स्वतःलाच चार शिव्या देणं. मला हसू आलं. तेही बऱ्याच दिवसांनी.

पुढचे कोंब चांगले आले. आईच्या पायाला भिंगरी लागली. येता-जाता ती भिंतीवर थाप मारून मला बातमी द्यायची, "टोप्या धरल्या गं!" मी पलीकडून "बरं" म्हणायची. आणि माझ्या खिडकीवर दोन गोधड्या तशाच होत्या.

एक दिवस माझा तोल गेला. दुपारची वेळ, मुलगी रडून रडून लाल झालेली, मला घाम सुटलेला, आणि आई माझ्या पुढ्यात बसून गोठ्यात वारा कसा छान खेळतो ते रंगवून सांगत होती.

"तुझ्या अळंबीला वारा, तुझ्या अळंबीला उजेड!" मी ओरडले. "आणि मला काय? मी इथं सडू?"

"आरडू नगंस. तू काय अळंबी हायेस व्हय?"

"अळंबी असते तर बरं झालं असतं! निदान फोन करून कुणाला तरी विचारलं असतंस!" आणि मग, एवढं बोललेच आहे तर, उरलेलंही तोंडातून गेलं. "आई, मला हिच्याकडे बघून काही वाटत नाही. काही म्हणजे काहीच नाही. मी आई नाहीये हिची. मला नुसतं दूध येतं."

बोलले आणि जीभ चावली. आता हिला धक्का बसणार, रडणार, देवाला नवस बोलणार, असं वाटलं. आईनं त्यातलं काही केलं नाही. मुलीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटत खोलीभर फिरायला लागली. मुलगी उगी झाली तरी ती फिरतच राहिली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

"मला बी आसंच झालं व्हतं."

"कधी?"

"तुझ्या वेळंला. दुसरं कवा? याच खोलीत. तू रडायचीस, आन् मी भिंतीकडं बघायची. माझी सासू म्हनायची, ही बाय लेकराला दगडावानी धरती." तिनं मुलीचं दुपटं सारखं केलं. "कुणाला बोलायची सोय न्हवती. तुला म्हून सांगतीया."

मला काय वाटलं ते नीट सांगते. मला वाईट वाटलं नाही. ज्या आईनं माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं, तिला माझ्याबद्दल एके काळी काहीच वाटत नव्हतं, हे ऐकून छातीवरचा दगड खाली उतरल्यासारखं झालं. म्हणजे हे होतं, असंही होतं, आणि त्यातून माझ्या आईसारखी आईसुद्धा होते.

"मग खिडकी कुणी उघडली?" मी विचारलं.

"कोन उघडतंय? भात काढायला आला. हात कमी पडाय लागलं, सासूच म्हनाली, चल आता. सव्वा महिना पुरा झाला न्हवता, पर भात कुठं थांबतोय? तुला झोळीत घातली आन् गेले."

"आणि?"

"आन् काय? भात काढला." तिनं मुलीला माझ्या शेजारी ठेवलं आणि खरकटी भांडी घेऊन बाहेर गेली.

ते मला पुढं कितीतरी दिवस पुरलं. आईच्या वेळी बाहेर यायला खाचर होतं. ते आता कुणाच्या तरी कंपाउंडच्या आत आहे, आणि पेंढासुद्धा आम्ही मुळशी खोऱ्यातून टेम्पोनं आणतो. बाळंतिणीला अंधारात ठेवायची रीत तेवढी राहिली आणि तिला ओढून बाहेर नेणारा भात गेला. आई काही एवढं बोलली नाही, हे माझं मी जुळवलं. पण तीही त्या दिवशी बराच वेळ मागच्या पायरीवर बसून समोरच्या टॉवरकडे बघत होती, हे वडिलांनी मला नंतर सांगितलं.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल खिडकी उघडली आणि बाई बरी झाली. तसं नसतं. पुढं मी डॉक्टरांकडे गेले, बरेच दिवस गोळ्या घेतल्या, बोलायला एक बाई होत्या त्यांच्याकडेही जात राहिले. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं; आधी ऑफिसातला एसी, मग ती खोली. आईला ते कळल्यापासून ती काढलेली अळंबी गच्चीवर पाटीत उलटी मांडते, टोपीच्या खालच्या चुण्या उन्हाकडे करून. अळंबीत एक पदार्थ असतो, ऊन लागलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. आपल्या कातडीतही जवळपास तीच करामत चालते. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मंग तू बी जा की वर, तिच्या शेजारी बस." मी माहेरी असले की आम्ही दोघी-तिघी अजूनही सकाळी गच्चीवर बसतो, पाटीच्या शेजारी.

पण ते नंतरचं. त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या खोलीत आली. हातात पाटी होती, डोक्याला फडकं बांधलेलं, पूर्वी खाचरात जाताना बांधायची तसं. तिनं खिडकीवरच्या दोन्ही गोधड्या काढल्या, घड्या घातल्या आणि बाजेच्या पायथ्याशी ठेवल्या. मला डोळे उघडवेनात.

"चल ऊठ. काढायला आलीया."

"काय?"

"अळंबी. आज न्हाई काढली तर उद्या टोप्या फाटत्याल. मला एकटीला व्हायचं न्हाई."

एकटीला न व्हायला तो काही एकरभर भात नव्हता. आईनं एका हातानं दुपारपर्यंत आरामात उरकलं असतं. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं नजर पाटीकडे वळवली.

"सव्वा महिना?" मी विचारलं.

"बघू."

मी उठले. आई दारात उभी राहून वाट बघत होती आणि तिनं मुलीकडे हात केला नाही. मुद्दाम केला नाही, हे मला आज कळतं. मुलगी जागी होती. कुणी न सांगता मी वाकले आणि तिला उचलून घेतली.

गोठ्यात पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा काही दिसलंच नाही, नुसता उजेड. मग हळूहळू पिशव्या दिसल्या, प्रत्येकीच्या अंगावर करड्या टोप्यांचे घोस, सगळे खिडकीच्या बाजूला वळलेले. ओल्या पेंढ्याचा वास. आई पहिल्या घोसाला हात घालून हलकेच पीळ देत होती. "आसं पिळायचं, उपटायचं न्हाई," ती मला शिकवायला लागली, आणि मी मान हलवत होते, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

मुलीनं त्या उजेडात डोळे किलकिले केले होते. तिच्या कपाळावर बारीक सोनेरी लव होती. डाव्या कानाच्या पाळीवर एक तीळ होता. खालचा ओठ जरासा आत दुमडलेला, फोटोत माझा असतो तसा. नाकपुड्या हलत होत्या. इतके दिवस ही माझ्या कुशीत होती आणि हा तीळ मला माहीत नव्हता. मी त्या तिळावर बोट ठेवलं. तिनं मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं की नुसते डोळे वळले, देव जाणे. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या मी पुसल्याही नाहीत, हात मोकळा नव्हता.

आई पिशव्यांच्या पलीकडून बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"दिसली व्हय?" तिनं विचारलं.

"दिसली."

तिनं हातातला घोस पाटीत ठेवला, टोप्या मोडणार नाहीत असा अलगद.

"मला तू बांधावर दिसली व्हतीस," ती म्हणाली, आणि पुढच्या पिशवीकडे वळली.